सिनेमा बघून रडू आलं नाही, म्हणजे माझी श्रद्धा कमी आहे का?

पत्र असं आहे (थोडं कापून देते आहे):

«मावशी, मी वसईला पाचूबंदरच्या बाजूला राहते. शाळेत शिकवते आणि रविवारी मिस्सेनंतर मुलांना धर्मशिक्षण देते. यंदा उपवासकाळात (ईस्टरआधीच्या दिवसांत) आमच्या युवकांनी शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना, झाली की हॉलमध्ये सिनेमे दाखवायचं ठरवलं. पहिल्या शुक्रवारी येशूच्या जीवनावरचा जुना सिनेमा होता, 'जीझस' नावाचा, मराठीत डब केलेला. येशू पडद्यावर आला तशी माझ्या सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि शेवटपर्यंत हात जोडून बसल्या. क्रुसावर खिळतात तिथं सगळ्या बायका रडत होत्या. मला काहीच होईना. मला दिसत होता एक इंग्रज नट आणि त्याचे ते संथ हातवारे.

दुसऱ्या शुक्रवारी अमेरिकेतला 'फेसिंग द जायंट्स'. इंग्रजी होता, म्हणून एक मुलगा माइकवर मधेमधे मराठीत सांगत होता. फुटबॉलचा कोच आहे, टीम सारखी हरते, गाडी बंद पडते, मूल होत नाही. मग तो देवाला शरण जातो आणि टीम जिंकते, नवी गाडी मिळते, बायकोला दिवस जातात. हॉलमध्ये टाळ्या! माझ्या शेजारी बसलेल्या बाईचा नवरा बोटीवर खलाशी होता, वादळात गेला तो परत आला नाही. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या घरी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, केली होती. टाळ्या चालू असताना ती उठून गेली.

नंतर फादर म्हणाले, टीचर, दोन शब्द बोला. माझ्या तोंडून निघून गेलं, 'मागचा सिनेमा नाटकी होता आणि हा खोटा आहे. असल्या सिनेमांनी श्रद्धा वाढत नाही, नुसतं रडू येतं.' सासूबाई तेव्हापासून कामापुरतं बोलतात. युवक फुगलेत. एकीनं तर विचारलं, टीचर, तुमचा विश्वास आहे ना?

मी चुकले का? माझी श्रद्धा खरंच कमी आहे का? पुढच्या वर्षी 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' सुचवायचं माझ्या मनात आहे, तो तरी खरा आहे.
— एक टीचर»

अगं टीचर,

श्रद्धेच्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, ते आधी देऊन टाकते. स्तोत्रकार म्हणतो की देव आपले अश्रू आपल्या बुधलीत साठवून ठेवतो. न आलेल्या अश्रूंची तो नोंद ठेवतो, असं मात्र कुठं लिहिलेलं नाही. तेव्हा ती काळजी सोड. आणि ज्या मुलीनं तुला तो प्रश्न विचारला तिच्यावर रागावू नकोस. तिनं कुठल्या तरी शिबिरात ऐकलेलं ती बोलून गेली असेल.

चुकलीस का, याचं उत्तर मात्र लांब आहे, कारण तू एका वाक्यात दोन सिनेमे मोडीत काढलेस आणि ते दोन अगदी वेगळ्या जातीचे आहेत. एकाबद्दल तू चुकलीस. दुसऱ्याबद्दल तुझं बरोबर होतं, फक्त जागा चुकली.

सासूबाईंपासून सुरुवात करू. त्यांना तो नट इंग्रज आहे हे कळलं नाही, असं तुला वाटतं का? तुमच्या गावात उपवासकाळात दुःखसहनाचं नाट्य होतच असेल. येशू होणारा पोरगा कोण असतो? ज्याला आपण सकाळी वसई रोडच्या बसला लटकलेला पाहतो, ज्याच्या आईशी परवा नळावरून आपलं वाजलेलं असतं, तोच. त्याच्या दाढीचा गोंद सुटलेला पुढच्या रांगेला दिसत असतो. तरी तो क्रूस घेऊन पडला की त्याच पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावतात. त्या फसलेल्या नसतात. त्या त्याच्यातून पलीकडे बघत असतात. सासूबाईंनी त्या शुक्रवारी तेच केलं. तू सिनेमा बघायला बसली होतीस आणि त्या दर्शनाला बसल्या होत्या, दोघी एकाच बाकावर.

बरं, ही काही फक्त आपल्या ख्रिस्ती बायकांची रीत नाही. या देशातला सिनेमाच मुळी अशा बघण्यातून जन्मला. दादासाहेब फाळक्यांनी 1910–11 च्या सुमारास मुंबईतल्या एका तंबूवजा थिएटरात ख्रिस्ताच्या जीवनावरची मूकफिल्म पाहिली. त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे की डोळ्यांसमोरून ख्रिस्ताचं चरित्र सरकत होतं आणि मनात मात्र कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसत होती. दोनेक वर्षांत 'राजा हरिश्चंद्र' आला, 1913 साली. म्हणजे आपला येशू पडद्यावर दिसला आणि त्र्यंबकेश्वरच्या एका ब्राह्मणाच्या मुलाला त्याच्यातून कृष्ण दिसला! पुढं 'लंकादहन'मध्ये पडद्यावर राम आला की लोक चपला काढत, असं सांगतात. आणि प्रभातचा 1936 चा 'संत तुकाराम' घे. विष्णुपंत पागनीस हे नट, आधी संगीत नाटकात बायकांची कामं करणारे. पण त्या सिनेमानंतर लोकांनी त्यांचाच चेहरा तुकोबांचा म्हणून मनात धरला. त्यांच्या फोटोला हार घालणारी घरं होती. यातल्या कुणाला अभिनय कळत नव्हता, असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

तुमच्या हॉलमधल्या त्या सिनेमाची थोडी माहिती देते, म्हणजे तुझा राग जरा कमी होईल. 1979 चा आहे. जवळजवळ पूर्ण लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला, इस्राएलमध्ये चित्रित केलेला. येशू झालेला ब्रायन डीकन इंग्रज खरा, पण आजूबाजूचे बरेच नट तिथलेच, येमेनी ज्यू होते. आजवर दोन हजारांहून जास्त भाषांत तो डब झाला आहे. इतका कुठलाच सिनेमा झालेला नाही. ज्यांच्या गावात थिएटर नाही, ज्यांच्या बोलीत छापील पुस्तक नाही, अशा माणसांपुढं चादरी बांधून तो दाखवला गेला. संथ आहे, कबूल. पात्रं पाठ म्हटल्यासारखी बोलतात, तेही कबूल. पण तो करणाऱ्यांनी ठरवलेलं काम लहान होतं: लूकनं लिहिलं ते दाखवायचं, वर आपलं फार काही घालायचं नाही. तेवढं त्यांनी नीट केलं. (शेवटी प्रेक्षकांना प्रार्थनेचं आवाहन करणारा भाग जोडलेला असतो. तो ज्यांनी सिनेमा काढला त्या प्रचारक मंडळींच्या रीतीचा आहे. आपल्याकडे काही ठिकाणी तो वगळतात. तुमच्या फादरांना विचार, त्यांनी ठेवला होता का.)

माझ्या माहेरी, उत्तनच्या बाजूला, ऐंशीच्या दशकात 'दयासागर' यायचा. मूळ तेलुगू 'करुणामयुडू', 1978 चा, हिंदीत डब केलेला. मैदानात दोन बांबूंना कापड बांधायचे आणि खाडीवरून वारा सुटला की येशूचा चेहरा फुगायचा, आक्रसायचा. आम्ही पोरं खुसखुसायचो. मोठ्यांपैकी कुणाला ते दिसायचंच नाही. आंध्रात तर येशू झालेल्या विजयचंदरांपुढं लोक आशीर्वादासाठी वाकायला लागले होते म्हणे.

अजून एक गोष्ट लक्षात घे. आपला माणूस मोठ्या पडद्यावर एरवी कसा दिसतो? हिंदी सिनेमात तो पीटर किंवा रॉबर्ट असतो आणि हातात बाटली असते. ती लिली असते, आणि ती क्लबात नाचते. फादर असलेच तर ते नायकाला वाढवतात आणि मध्यंतराआधी मरतात. लुगडं नेसून, गळ्यात क्रूस घालून, डोक्यावर पाटी घेऊन बोंबील विकणारी ख्रिस्ती कोळीण मी तरी कुठल्या सिनेमात पाहिलेली नाही. म्हणून स्वतःच्या देवाची गोष्ट, स्वतःच्या भाषेत, हॉलभर आवाजात ऐकायला मिळाली की आपली माणसं हरखतात. त्यात कौतुकाचा भाग जास्त असतो आणि परीक्षणाचा शून्य. तू माइकवरून 'नाटकी' म्हणालीस तेव्हा सासूबाईंना तू सिनेमाला नावं ठेवलीस असं ऐकूच गेलं नाही. तू त्यांच्या जोडलेल्या हातांना हसलीस असं ऐकू गेलं.

तेव्हा त्यांच्याकडे जा आणि त्या एका शब्दाबद्दल माफी माग. एकाच शब्दाबद्दल, सगळ्या भाषणाबद्दल नको, कारण उरलेलं तुला मागे घ्यायचं नाही. आणि माफी मागून लगेच उठू नकोस. 'आई, तुम्हाला कुठला भाग सगळ्यात आवडला?' असं विचार आणि ऐकत बस. मला वाटतं त्या तुला काहीतरी असं सांगतील जे तुझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात उपयोगी पडेल. नाही सांगितलं तरी बोलणं सुरू होईल.

आता दुसरा शुक्रवार. इथं मी तुझ्या बाजूनं आहे, आणि चांगली ठाम आहे.

आधी त्या सिनेमाचं देणं देऊन टाकू. 'फेसिंग द जायंट्स' हा जॉर्जिया राज्यात ऑल्बनी नावाच्या गावातल्या एका बाप्टिस्ट मंडळीनं 2006 साली काढला. दिग्दर्शक त्याच मंडळीचा पाळक आणि कोचचं काम करणाराही तोच. बाकीची माणसं बहुतेक मंडळीतलीच, बिनपैशाची. खर्च साधारण एक लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहापाण्याचा, आणि कमाई एक कोटी डॉलरच्या वर गेली. तिथून अमेरिकेत अशा सिनेमांचं पीक आलं. त्यांना गिऱ्हाईक शोधायला जावं लागत नाही, ते रविवारी सकाळी एका छपराखाली बसलेलंच असतं. पाळक व्यासपीठावरून सांगतो, तिकिटांचे गठ्ठे मंडळीच्या नावानं निघतात. अशा वेळी सिनेमा बघणं हीच साक्ष होऊन बसते आणि 'मला नाही आवडला' म्हणणारा फितूर ठरतो. तुला तो प्रश्न विचारणारी मुलगी तिकडच्याच हवेतला श्वास घेऊन आली आहे.

पण मंडळीतल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी राबून केलेला सिनेमा म्हणून मला त्याचा आदर आहे. आपलं नाट्यही तसंच उभं राहतं. माझी तक्रार वेगळी आहे. त्यात एक जागा आहे. बायकोची तपासणी होते, रिपोर्ट नाही म्हणून येतो. ती बाहेर येते आणि देवाला सांगते की तरीही माझं तुझ्यावर प्रेम राहील. मी ते पाहताना सरसावून बसले. म्हटलं, आता हा सिनेमा खरं काहीतरी बोलणार. इतक्यात मागून नर्स धावत येते: रिपोर्टात चूक झाली, तुम्हाला दिवस गेलेत! त्या बाईचं ते 'तरीही' पडद्यावर मिनिटभरसुद्धा टिकू दिलं नाही. कोचही टीमला शिकवतो की जिंकलो तरी देवाची स्तुती आणि हरलो तरी स्तुती. छान. पण शेवटी हरण्याची पाळी येऊच देत नाहीत. चषक येतो, गाडी येते, बाळ येतं.

पडद्यावर येशू दाखवणारा सिनेमा आपल्याकडे काही मागत नाही. बघ, हात जोड किंवा जोडू नकोस. हा दुसऱ्या जातीचा सिनेमा मात्र देवाच्या नावानं शब्द देतो. आणि देवाच्या नावानं कुणी शब्द देत असेल, तर तो खरा आहे का हे विचारायचा हक्क हॉलमधल्या प्रत्येकाला आहे. समुद्रावर ज्यांची माणसं आहेत त्यांना तर सगळ्यात आधी. तुझ्या शेजारणीनं टीमपेक्षा कमी प्रार्थना केली होती का? तुम्ही सगळ्यांनी गुडघे टेकले होते तिच्या घरात. त्या टाळ्यांमध्ये तिला एवढंच ऐकू आलं असेल की दुसऱ्यांची प्रार्थना पोचली आणि माझी नाही, म्हणजे माझ्यातच काही कमी होतं. हे तिला कुणी मुद्दाम म्हटलं नाही, मला माहीत आहे. सिनेमानं म्हटलं आणि हॉलनं टाळ्या दिल्या.

इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय काढून वाच. विश्वासाच्या जोरावर कुणी राज्यं जिंकली, सिंहांची तोंडं बंद केली, कुणाला मेलेली माणसं परत मिळाली, अशी यादी चालू असते. आणि त्याच दमात, परिच्छेदसुद्धा न बदलता, दुसऱ्यांना धोंडमार झाली, करवतीनं चिरलं, शेळ्यामेंढ्यांची कातडी पांघरून ते वणवण फिरले. विश्वास दोघांचाही तोच. यादीही एकच. हे सिनेमे तो अध्याय अर्ध्यावर मिटून ठेवतात.

आणि आता जे सांगते त्यावर तू कदाचित चिडशील. या दुसऱ्या सिनेमाचं उत्तर तुझ्या त्या 'नाटकी' सिनेमात होतं, आठवडाभर आधी, त्याच पडद्यावर. जैतुनाच्या डोंगरावरचा प्रसंग आठव. येशू गुडघे टेकून म्हणतो, बापा, तुझी इच्छा असेल तर हा प्याला माझ्यापासून दूर कर. पुत्राची स्वतःची प्रार्थना आहे ही. प्याला दूर झाला नाही. लूकच्याच शुभवर्तमानात एक जास्तीची ओळ आहे: स्वर्गातून एक दूत आला आणि त्यानं त्याला बळ दिलं. त्यानंतर येशू आणखीच कळवळून प्रार्थना करतो आणि घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळतो. म्हणजे दूत येऊन गेल्यावरही यातना तशीच राहिली. सासूबाईंनी हात जोडून जे पाहिलं त्यात हेही होतं. त्यांना ते तुझ्यामाझ्यासारखं मांडता येणार नाही कदाचित, पण कोळीवाड्यातल्या म्हातारीला हे कुणी शिकवावं लागत नाही.

शेजारणीकडे गेलीस का गं? पत्रात त्याचा उल्लेख नाही. गेली नसशील तर आज जा. सिनेमावर बोलायला नको, इब्री लोकांचं पत्र तर मुळीच काढू नकोस. ते मी तुझ्यासाठी लिहिलं आहे. मासळी वाळत घालत असेल तर हाताला हात लाव. नवऱ्याचं नाव घेऊन दोन गोष्टी बोल, कारण अशा घरात लोक हळूहळू ते नाव घेणंच टाळायला लागतात. तिनं सिनेमाचा विषय काढला तर 'मलाही तो शेवट पटला नाही' एवढं पुरे आहे.

तू हे सगळं माइकवर बोललीस ती जागा चुकली, असं मी वर म्हटलं. दिवे लागल्या लागल्या, ओल्या डोळ्यांच्या माणसांपुढं कुठल्याच सिनेमाचं परीक्षण करू नये, वाईट सिनेमाचंही नाही. फादरांनीही तयारी नसताना तुझ्या हातात माइक द्यायला नको होता. त्यापेक्षा सिनेमा संपला की थोडा वेळ गप्प बसावं, एखादं स्तोत्र म्हणावं, चहा होऊ द्यावा. मग थांबतील त्यांनी गोल करून बसावं. तिथं 'कसा वाटला?' असं विचारू नये, सगळे 'छान' म्हणतात आणि विषय संपतो. 'यातला कुठला माणूस आपल्या गावात आहे?' असं विचार. किंवा 'सिनेमातल्या कुणाची प्रार्थना ऐकली गेली नाही?' युवकांना हा प्रश्न विचारून बघच. ती पोरं फुगली आहेत कारण मेहनत त्यांची होती आणि जाहीर फटका तुझा होता. डोकी मात्र चांगली आहेत त्यांची, नाहीतर उपवासकाळात शुक्रवारी हॉल भरवून दाखवला नसता.

'द पॅशन'बद्दल. नको. निदान हॉलमध्ये, मुलाबाळांसकट, नको. 2004 साली तो आला तेव्हा अमेरिकेत कित्येक मंडळ्यांनी अख्खी थिएटरं आरक्षित केली होती, पुष्कळांनी तो उपवासकाळातल्या भक्तीसारखा पाहिला आणि त्यांच्या भक्तीवर मला शंका घ्यायची नाही. पण तू लिहितेस 'तो तरी खरा आहे', तिथं मी अडले. अरामी आणि लॅटिन बोलतात म्हणून खरा? रक्त जास्त आहे म्हणून? शुभवर्तमानं फटक्यांना अर्धं वाक्य देतात. सिनेमा तिथं मिनिटंच्या मिनिटं थांबतो. लिहिणाऱ्यांना ते दुःख माहीत नव्हतं म्हणून त्यांनी आवरतं घेतलं, असं काही नाही. दुसरं, त्यातल्या ज्यू पात्रांच्या चित्रणावर ज्यू समाजानं आणि काही कॅथलिक अभ्यासकांनीही तेव्हा आक्षेप घेतले होते. येशूच्या मरणाचा दोष सगळ्या ज्यूंच्या माथी मारता येणार नाही, हे आपल्या चर्चनं 1965 सालीच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लिहून दिलं आहे. आपल्या कोकणात तर ही पुस्तकातली गोष्ट नाही. अलिबाग-नवगावच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल ज्यू शतकानुशतकं राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणवले गेले, मराठी बोलले. हॉलमध्ये सिनेमा निवडताना मी एवढंच बघते की त्यात ज्यांना वाईट दाखवलं आहे त्यांच्यापैकी कुणी माझ्या शेजारी बसलं, तर मला मान खाली घालावी लागेल का.

मग काय दाखवायचं? व्हॅटिकननं 1995 साली, सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 45 चांगल्या सिनेमांची यादी काढली होती. त्यात इटलीच्या पासोलिनी या दिग्दर्शकाचा मत्तयच्या शुभवर्तमानावरचा 1964 चा सिनेमा आहे. पासोलिनी नास्तिक, मार्क्सवादी; त्यानं येशूसाठी एक विद्यार्थी उभा केला आणि म्हाताऱ्या मरियेसाठी स्वतःची आई. काळापांढरा आहे, तुझ्या डोळ्यांना आवडेल, सासूबाईंना कदाचित नाही. हा तू घरी बघ.

हॉलसाठी मी दोन सुचवते. एक, 'द फेस ऑफ द फेसलेस', 2023 चा, हिंदीत. केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात भूमिहीन आदिवासींबरोबर काम करत होत्या, सावकारांच्या आड आल्या म्हणून 1995 च्या फेब्रुवारीत चालत्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. 2017 मध्ये इंदूरला त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. यात चषक नाही की गाडी नाही. मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधणारी त्यांची सख्खी बहीण आहे, तीही सिस्टरच. शेजारणीला मात्र या सिनेमाला मुद्दाम बोलावू नकोस. तिचं तिला ठरवू दे.

दुसरा ऐकून तू हसशील: 'बाबेट्स फीस्ट', डॅनिश, 1987 चा, व्हॅटिकनच्या त्याच यादीतला. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या कुटुंबावरच्या पत्रात त्याचा उल्लेख केला होता. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरचं गरीब खेडं, दोन कुमारिका बहिणी, वडील मोठे धर्मोपदेशक होऊन गेलेले. गावात भाविक उरलेत मूठभर, तेही म्हातारे आणि एकमेकांवर जुने राग धरून बसलेले. रोजचं जेवण म्हणजे भिजवलेली सुकी मासळी आणि पावाची पेज! पॅरिसहून परागंदा झालेली एक बाई त्यांच्याकडे स्वयंपाकाला राहते. तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते आणि ती सगळे पैसे त्या म्हाताऱ्यांच्या एका जेवणावर उधळते. देव त्यात कुणालाच काही मिळवून देत नाही. येशू पडद्यावर येत नाही. पण जेवता जेवता ती माणसं कशी सैल होत जातात, ते तुमच्या कोळीवाड्यातल्या बायकांना पाळकांपेक्षा आधी कळेल, पैज लावते. गुड फ्रायडेच्या आसपास मात्र ठेवू नका, पक्वान्नं बघून उपास मोडतील. ईस्टरनंतरचा एखादा शनिवार बरा.

एक नियमाची गोष्ट: घरच्या मोबाइलवरचं ओटीटी प्रोजेक्टरला जोडून हॉलमध्ये दाखवायचं नसतं. ते सदस्यत्व घरापुरतं असतं, सार्वजनिक खेळाला हक्कधारकांची परवानगी लागते. 'जीझस'वाले आपला सिनेमा फुकट दाखवू देतात, बाकीच्यांना विचारावं लागतं. हे काम युवकांपैकी कुणाला तरी दे, पत्र इंग्रजीत तू लिही.

आणि डॅनिश सिनेमाला पुन्हा माइकवरचा मुलगा लागेलच. तोच मुलगा घे, सिनेमा त्याला आधी नीट बघू दे, कुठं किती बोलायचं ते तुम्ही दोघं मिळून लिहून काढा. जेवणाचा प्रसंग सुरू झाला की त्याला माइक बंद करायला सांग. तिथं सांगण्यासारखं काही नाही, आणि तोवर सासूबाईच शेजारणीला सांगायला लागलेल्या असतील की रस्सा किती वेळ उकळला.

— मावशी